हिरवा सदरा, निळा सदरा

चेंडूच्या खेळावर अग्रलेख कशाला, असें आमचे कांहीं वाचक खास विचारतील. नांगर, माग, भाता व चाक सोडून ह्यांस फुटबॉल कोठून सुचला? त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्या दोन संघांविषयीं आज आम्ही लिहिणार आहों त्यांचे सदरे शिंप्यानें शिवले असले तरी त्यांस रंग चढविला तो दुष्काळानें, जमीनदाराच्या खंडानें आणि गोदींतल्या रोजगारानें. हा विषय खेळाडूंपेक्षां कुळांचा आणि मजुरांचा अधिक आहे. खेळ हें त्याचें नुसतें वरचें साल.

स्कॉटलंड देशांत क्लाइड नदीच्या काठीं ग्लासगो शहर आहे. जहाजें बांधणें, लोखंड ओतणें, कापड विणणें ह्या धंद्यांवर तें वाढलें. तेथें दोन मोठे फुटबॉल संघ आहेत. १८७२ सालीं निघालेला रेंजर्स. त्याचा सदरा निळा. १८८७ सालीं निघालेला सेल्टिक. त्याच्या सदऱ्यावर हिरवे-पांढरे आडवे पट्टे. सामन्याच्या दिवशीं ज्याच्या गळ्यांत हिरवा गळपट्टा तो कॅथलिक, त्याचा आजा-पणजा आयर्लंडांतून आलेला आणि त्याचा ओढा आयरिश स्वातंत्र्याकडे. ज्याच्या गळ्यांत निळा तो प्रॉटेस्टंट आणि ब्रिटिश राजगादीचा अभिमानी, असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. अपवाद दोहींकडे पुष्कळ आहेत, आणि आज तर फारच झाले आहेत. पण गर्दी अपवाद पाहत नाहीं, ती रंग पाहते.

प्रॉटेस्टंट व कॅथलिक हे दोघेही ख्रिस्तीच. रोमच्या पोपला मानावें कीं नाहीं हा त्यांच्यांतला मोठा तंटा. पण ह्या तंट्याच्या पाठीमागें जमीन होती, हें विसरतां कामा नये. सतराव्या शतकांत इंग्रज सरकारनें आयर्लंडच्या उत्तरेकडील जमिनी तेथल्या कॅथलिक लोकांकडून काढून घेतल्या आणि स्कॉटलंड व इंग्लंडांतून आणलेल्या प्रॉटेस्टंट वसाहतवाल्यांस दिल्या. १६९० सालीं बॉइन नदीवर ऑरेंज घराण्याच्या विल्यम राजानें कॅथलिक जेम्स राजाचा पराभव केला. ऑरेंज म्हणजे नारिंग. घराण्याचें नांव फ्रान्स देशांतील एका गांवावरून पडलेलें, फळाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. तरी नारिंगी हा प्रॉटेस्टंटांचा रंग होऊन बसला, आणि हिरवा आयरिश राष्ट्रवाद्यांचा. १८४८ सालीं आयरिश देशभक्तांनीं तिरंगी निशाण काढलें : एका बाजूस हिरवा, दुसऱ्या बाजूस नारिंगी आणि दोहोंमध्यें पांढरा. पांढरा म्हणजे दोघांमधला सलोखा. निशाण टिकलें, पण मधल्या पट्ट्याची आठवण फार थोड्यांस राहिली.

निशाण निघालें तेव्हां देशांत दुष्काळ चालला होता. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्यावर करपा पडला. आयरिश कूळ शेतांत धान्यही पिकवी आणि जनावरेंही पाळी. परंतु तें सगळें खंडापायीं जाई व पोटाला राही तो बटाटा. करप्यानें बटाटा काळा पडून जमिनींतच सडला. एक हंगाम गेला, दुसरा गेला, असे कित्येक गेले. लोक अन्नावांचून मरत असतां बंदरांतून धान्याचीं व जनावरांचीं जहाजें इंग्लंडास जातच होतीं, कारण तें धान्य कुळाचें नव्हतें, खंडाचें होतें. सुमारें ऐंशी लक्ष वस्तीच्या त्या देशांत दहा लक्ष माणसें भुकेनें आणि तापानें मेलीं, आणि दहा लक्षांहून अधिक देश सोडून गेलीं. ज्यांच्याजवळ अमेरिकेच्या भाड्यापुरता पैसा नव्हता त्यांतलीं पुष्कळ जवळच्या ग्लासगोस उतरलीं.

ग्लासगोच्या कामकऱ्यानें ह्या पाहुण्यांचें स्वागत केलें नाहीं, आणि त्याला धर्म हें एकच कारण नव्हतें. उपाशी माणूस मिळेल त्या मजुरीवर काम धरतो. स्कॉच मजुराचा रोज पडला कीं दोष देण्यास शेजारच्या खोलींतला आयरिश जवळ सांपडे; कारखानदार दूर आपल्या माडींत असे. ही कथा सांगण्यास आम्हांस स्कॉटलंडास जावें लागलें ह्याचें आमच्या वाचकांस हसूं येईल.

शहराच्या पूर्व भागांत ह्या लोकांच्या चाळी होत्या. तेथल्या एका कॅथलिक शाळेचा मुख्य शिक्षक ब्रदर वॉलफ्रिड नांवाचा संन्यासी होता. हा आमच्याच धंद्यांतला मनुष्य, म्हणून त्याच्याविषयीं आम्ही दोन शब्द अधिक लिहितों. तो स्वतः आयर्लंडांतल्या स्लायगो परगण्यांत १८४० सालीं जन्मला, म्हणजे दुष्काळ पडला तेव्हां पांच वर्षांचा होता. उपाशी पोर शिकत नाहीं, हें शाळेंत पाय ठेवणाऱ्या कोणत्याही मास्तराला पहिल्या आठवड्यांत कळतें. वॉलफ्रिडनें मुलांना स्वस्तांत, आणि ज्यांच्याजवळ दिडकीही नाहीं त्यांना फुकट, जेवण देण्याची सोय चालविली. त्यांत एक भीतीही होती : प्रॉटेस्टंट धर्मादाय मंडळ्यांच्या अन्नछत्रांत जाऊन आपलीं मुलें धर्मानें तिकडचीं होतील ही. जेवणाला पैसा पाहिजे, म्हणून १८८७ च्या नोव्हेंबरांत एका चर्चच्या दिवाणखान्यांत सभा भरवून त्यानें व त्याच्या मित्रांनीं फुटबॉलचा संघ काढला. तिकिटाचा पैसा मुलांच्या ताटांत पडावा हा हेतु. म्हणून आम्ही म्हणतों कीं हिरवा सदरा हा प्रथम भाकरीचा सदरा होता.

त्या संघाचा पहिला सामना २८ मे १८८८ रोजीं झाला, तो रेंजर्सशींच. सेल्टिकनें पांचास दोन असा जिंकला. सामन्यानंतर दोन्ही संघांची मंडळी एकत्र जेवलीं व गाणें-बजावणें झालें. वैर तेव्हां नव्हतें. आडवे पट्टे देखील १९०३ सालीं आले. आधीं सदरा पांढरा होता, मग उभ्या पट्ट्यांचा. पुढें काय झालें तें पैशाच्या वाटेनें पाहावें. संघ जिंकूं लागला, गर्दी वाढली, आणि १८९७ सालीं संघाची कंपनी झाली. भागीदार आले, नफा वांटला जाऊं लागला, आणि गरीब पोरांच्या ताटाचा पैसा मागें पडला. वॉलफ्रिडला त्याआधींच, १८९२ सालीं, त्याच्या पंथानें लंडनास बदललें होतें. मास्तरांच्या बदल्या अशा वेळीं बऱ्या सुचतात!

रेंजर्सचा आरंभही निर्मळ होता. नदीकांठच्या कांहीं पोरांनीं मिळून तो संघ काढला. त्यांत धर्म नव्हता. पण कॅथलिकांचा एक संघ जोरावर आल्यावर त्याला जोडीचा प्रतिस्पर्धी हवा झाला, आणि रेंजर्सचें मैदान जहाजांच्या कारखान्यांजवळ. १९१२ सालीं बेलफास्टच्या हारलंड आणि वुल्फ कंपनीनें त्याच गोव्हन भागांत आपला कारखाना उघडला व उत्तर आयर्लंडांतले प्रॉटेस्टंट कारागीर आपले कटाक्ष बरोबर घेऊन आले. सगळ्याच इतिहासकारांचें ह्याविषयीं एकमत नाहीं, परंतु पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रेंजर्समध्यें कॅथलिक खेळाडू घ्यावयाचा नाहीं अशी रीत पडली, आणि ती सुमारें सत्तर वर्षें चालली, ह्यांत शंका नाहीं. असला नियम कोठेंही लिहिलेला नव्हता. लिहिण्याची जरूरच नव्हती. आमच्याकडे तरी पाणवठ्यावर पाटी कोणीं लावली होती?

कामाच्या ठिकाणींही तेंच. कोणत्या शाळेंत शिकलास, एवढें मुकादमानें विचारलें कीं पुरे होई. शाळेच्या नांवावरून धर्म कळे, आणि धर्मावरून हातोडा मिळे कीं झाडू मिळे तें ठरे. तेव्हां ज्या मनुष्याला आठवडाभर कारखान्यांत मान खालीं घालावी लागे त्याला शनिवारीं दुपारीं हिरवा गळपट्टा घालून ताठ मानेनें चालतां येई. ह्या सुखाची ज्यांना कल्पना नाहीं त्यांनीं त्याला वेडा म्हणावें. आम्ही म्हणणार नाहीं.

आतां १९०९ सालची एक हकीकत ऐका. स्कॉटलंडच्या करंडकाचा शेवटचा सामना ह्याच दोन संघांत झाला, तो बरोबरींत सुटला. एका आठवड्यानें, १७ एप्रिल रोजीं, पुन्हा सामना झाला, तोही बरोबरींत. लोकांना वाटलें कीं आतां जादा वेळ खेळवून निकाल लावतील. खेळाडू मैदान सोडून जाऊं लागले तेव्हां गर्दींत एकच बोभाटा झाला : तिसऱ्यांदा तिकिटें खपविण्यासाठींच ही बरोबरी घडवून आणली! मग साठ हजारांच्या गर्दींतून हजारों लोक मैदानांत उतरले. गोलचे खांब उपटले, तिकिटांच्या खोल्या पेटविल्या, बंब आले तर त्यांचे नळ कापले, शंभरावर माणसें जखमी झालीं. ह्या दंग्यांत एक गोष्ट कोणी पाहिली नसेल तर ती पाहावी. हिरवा निळ्याशीं लढत नव्हता. दोघे मिळून तिकिटवाल्यांशीं लढत होते. दंगा वाईट, त्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु ज्या दिवशीं दोघांचाही खिसा एकाच हातानें कापला जात आहे असें दोघांस वाटलें, त्या दिवशीं पोप आणि विल्यम राजा दोघेही त्यांच्या डोक्यांतून गेले. त्या वर्षीं करंडक कोणासच दिला नाहीं.

ह्या दोन संघांस मिळून ग्लासगोंत एक नांव आहे, त्याचा मराठींत अर्थ ‘जुनी पेढी’ असा होतो. तें कसें पडलें ह्याविषयीं मतभेद आहेत, पण १९०४ सालीं तेथल्या एका खेळाच्या पत्रानें एक व्यंगचित्र छापलें होतें : पाटी गळ्यांत अडकविलेला एक इसम, आणि पाटीवर ‘रेंजर्स-सेल्टिक आणि कंपनी, जुन्या पेढीस आश्रय द्या’ अशा अर्थाची जाहिरात. चित्रकार शहाणा खरा. वर वैर, खालीं भागीदारी. ह्या दोघांच्या सामन्याला जेवढी गर्दी जमे तेवढी दुसऱ्या कोणत्याही सामन्याला जमत नसे, म्हणून वैर हें पेढीचें भांडवल झालें. १९५२ सालीं सेल्टिकच्या मैदानावरचें आयरिश निशाण उतरवावें असा हुकूम स्कॉटलंडच्या फुटबॉल संस्थेनें काढला व न उतरविल्यास संघास बाहेर काढण्याची धमकी दिली. त्या वेळीं सेल्टिकची बाजू कोणीं घेतली? रेंजर्सनें. निशाण गेलें तर गर्दी जाईल हें त्यांस कळत होतें. निशाण राहिलें.

व्यापाऱ्यांचें शहाणपण तर ह्याहून पुढचें. सदऱ्यावर आपलें नांव छापावयाचें तर एकाच संघाच्या सदऱ्यावर छापून भागत नाहीं. दुसरा पक्ष त्या मालावर बहिष्कार घालतो. म्हणून १९८४ सालीं खिडक्या बसविणाऱ्या एका कंपनीनें दोन्ही संघांच्या सदऱ्यांवर आपलें नांव एकदम छापविलें, आणि पुढें दारूच्या कंपन्यांनींही तोच क्रम धरला. हिरव्याच्याही छातीवर तेंच नांव, निळ्याच्याही छातीवर तेंच. सामना संपल्यावर दोघांचीं डोकीं फुटत तीं ज्या बाटलीनें, तिचेंच नांव कधीं कधीं दोघांच्याही अंगावर असे.

आम्ही हें थट्टेनें लिहितों, पण ह्या रंगांनीं माणसें मारलीं आहेत. १९९५ सालीं ग्लासगोंत सेल्टिकचा सामना पाहून घरीं चाललेल्या सोळा वर्षांच्या मुलाचा गळा भररस्त्यांत एका अनोळखी माणसानें चिरला. मुलाचा अपराध कांहीं नव्हता. ज्या रस्त्यानें तो चालला होता तो रस्ता दुसऱ्या रंगाचा होता.

आयर्लंडच्या उत्तर भागांत, बेलफास्ट शहरांत, ह्याच रोपाचें झाड झालें. तेथें १८९१ सालीं ग्लासगोच्या संघाचें नांव व रंग घेऊन बेलफास्ट सेल्टिक हा संघ निघाला. त्याचा प्रतिस्पर्धी लिनफील्ड. सदरा निळा, पाठीराखे प्रॉटेस्टंट. बेलफास्ट सेल्टिकचे पाठीराखे बहुतेक कॅथलिक, पण खेळाडू घेतांना तो संघ धर्म विचारीत नसे. त्याचा नामांकित गोल करणारा खेळाडू जिमी जोन्स हा प्रॉटेस्टंट होता. २७ डिसेंबर १९४८ रोजीं लिनफील्डच्या विंडसर पार्क मैदानावर दोघांचा सामना होता. जोन्सशीं टक्कर होऊन लिनफील्डच्या एका खेळाडूचा पाय मोडला, आणि मध्यंतरांत ती बातमी ध्वनिक्षेपकावरून साऱ्या मैदानाला सांगण्यांत आली. बातमी सांगणाऱ्यानें ती कोणत्या हेतूनें सांगितली तें तो जाणे. पण वाळल्या गंजीजवळ बसून चिलीम पेटविणाऱ्याला अक्कल शिकवावी लागते काय? सामना बरोबरींत संपतांच गर्दी मैदानांत घुसली. जोन्सला कठड्यावरून ढकलून दिलें आणि तुडवून त्याचा पाय मोडला.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. पाय मोडणारे प्रॉटेस्टंट, आणि ज्याचा मोडला तोही प्रॉटेस्टंट. त्यांनीं त्याचा धर्म मोडला नाहीं, त्यांनीं सदरा मोडला. पाय सदऱ्याच्या खालीं होता इतकेंच. त्या हंगामाच्या शेवटीं, १९४९ सालीं, बेलफास्ट सेल्टिकनें स्पर्धेंतून अंग काढून घेतलें. जातांना अमेरिकेच्या दौऱ्यावर त्यानें स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाला दोन गोलांनीं हरविलें, म्हणजे संघ दुबळा म्हणून गेला असें कोणास म्हणतां येणार नाहीं. त्याच्या मैदानावर पुढें कुत्र्यांच्या शर्यती होत, आणि आतां तेथें दुकानांचा बाजार आहे.

रंगाच्या अंगीं स्वतःचा अर्थ कांहीं नसतो, हेंही ह्याच देशांत दिसतें. आयर्लंडची फाळणी झाल्यावर उत्तर आयर्लंडाचा स्वतंत्र संघ राहिला; त्याचे पाठीराखे मुख्यत्वें ब्रिटिश राजगादीचे अभिमानी प्रॉटेस्टंट. त्या संघाचा सदरा कोणता? हिरवा! १९३१ पर्यंत तो निळा होता, मग हिरवा झाला, आणि ज्या माणसाला शनिवारीं लिनफील्डच्या मैदानावर हिरवा रंग दिसला कीं तिडीक उठे तोच राष्ट्राच्या सामन्याला त्याच मैदानावर हिरवा सदरा घालून नाचे. जॉर्डन देशांत अम्मान शहरीं पॅलेस्टाइनमधून हांकलून लावलेल्या निर्वासितांच्या छावणींत अल्‌-वहदत नांवाचा संघ निघाला, त्याचा रंग हिरवा. मूळच्या जॉर्डनवासीयांचा लाडका अल्‌-फैसली, त्याचा निळा. तेथें हिरव्याचा आयर्लंडाशीं काय संबंध? मुळींच नाहीं. ज्याचें घर गेलें त्यानें हातीं लागेल तो रंग धरला आणि त्याला घर म्हटलें.

आणि हें आजचेंही नव्हे. कॉन्स्टँटिनोपल शहरांत रथांच्या शर्यती होत, त्यांत निळा व हिरवा हे दोन पक्ष होते. सगळें शहर ह्या दोन रंगांत वांटलेलें; जस्टिनियन बादशहा स्वतः निळ्यांचा. इ. स. ५३२ च्या जानेवारींत दोन्ही पक्षांतल्या दंगेखोरांस फांशीं देतांना टिकटी मोडली आणि एक निळा व एक हिरवा असे दोघे वांचले. त्या दोघांस सोडावें म्हणून दोन्ही रंग एक झाले. कराच्या बोजानें लोक आधींच पिचलेले. आठवडाभर शहर जळत होतें व बादशहा पळून जाण्याच्या बेतांत होता. मग, जुने इतिहासकार सांगतात, दरबारच्या नार्सेस नांवाच्या अधिकाऱ्यानें सोन्याच्या थैल्या घेऊन शर्यतीच्या मैदानांत प्रवेश केला, निळ्यांच्या पुढाऱ्यांस बादशहा तुमचाच आहे ह्याची आठवण दिली आणि सोनें वांटलें. निळे उठून गेले. उरलेल्यांवर फौज सोडली. प्रोकोपियस नांवाचा त्या काळचा लेखक तीस हजार मेले असें लिहितो. आंकडा थोडा कमी धरला तरी थैलीचा हिशेब बदलत नाहीं.

आमच्या मुंबईतही गोऱ्यांचा, पारशांचा, हिंदूंचा, मुसलमानांचा आणि १९३७ पासून ‘इतरांचा’ असे धर्मवार संघ करून क्रिकेटचे सामने होत. ते १९४६ सालीं बंद पडले. त्यांतल्या हिंदूंच्या संघाचा कणा कोण होता? पाळवणकर बाळू, चांभाराचा मुलगा. १९११ च्या विलायतच्या दौऱ्यांत त्यानें शंभरावर गडी बाद केले. मैदानावर तो हिंदू. चहाच्या वेळीं त्याला चहा बाहेर, मातीच्या भांड्यांत. त्याला त्या संघाचें कप्तानपद कधीं मिळालें नाहीं. त्याचा भाऊ विठ्ठल ह्याला १९२३ सालीं मिळालें, तेंही बरीच ओरड झाल्यावर. एका निशाणाखालीं उभें केल्यानें पंगत एक होत नाहीं, ह्याला ह्याहून जवळचा दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां उपाय काय, ह्याविषयीं. कांहीं शहाणे म्हणतात, रंगच काढून टाका. निशाणें उतरवा, गळपट्टे बंद करा. हें आम्हांस मान्य नाहीं. ज्याच्याजवळ अभिमान धरण्यास दुसरें कांहीं नाहीं त्याच्या गळ्यांतला गळपट्टा काढून घेण्यापूर्वीं त्याच्या हातांत काय दिलें तें सांगा. दुसरे म्हणतात, कडक कायदा करा. तोही करून पाहिला. फुटबॉलच्या मैदानावर धर्मद्वेषाचीं गाणीं म्हणणें हा गुन्हा ठरविणारा कायदा स्कॉटलंडांत २०१२ सालीं आला आणि २०१८ सालीं तेथल्याच पार्लमेंटानें रद्द केला. पोरांवर खटले झाले, गाणीं राहिलीं.

ज्यानें कांहीं काम झालें तें दार उघडण्यानें झालें. सेल्टिकनें १९६५ सालीं जॉक स्टीन ह्या प्रॉटेस्टंट गृहस्थाच्या हातांत संघ दिला, आणि दोन वर्षांनीं त्याच संघानें लिस्बन शहरीं सगळ्या युरोपचा करंडक जिंकला. इंग्लंडांतल्या कोणत्याही संघाला तोंवर तो मिळाला नव्हता. रेंजर्सचें दार उघडण्यास मात्र १९८९ साल उजाडावें लागलें. त्या जुलैंत त्यांनीं मो जॉन्स्टन हा कॅथलिक खेळाडू घेतला, आणि तोही पूर्वीं सेल्टिकमध्यें खेळलेला. दोन्हीकडे आगडोंब उसळला. इकडे निळे गळपट्टे जाळले, तिकडे त्याला विश्वासघातकी म्हटलें. मग त्यानें नोव्हेंबरांत सेल्टिकविरुद्ध गोल केला, आणि गळपट्टे जाळणाऱ्यांपैकीं किती जणांनीं त्या वेळीं टाळ्या पिटल्या तें त्यांचें त्यांस ठाऊक. त्यानंतर दहा वर्षांच्या आंतबाहेर रेंजर्सचा कप्तानच कॅथलिक होता. ह्याला कायदा लागला नाहीं. एका दाराची कडी काढावी लागली. ती सत्तर वर्षें कोणीं लावून ठेविली, आणि कोणाच्या फायद्यासाठीं, हा प्रश्न विचारण्याचा हक्क ग्लासगोच्या कॅथलिक खेळाडूंस अजूनही आहे.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट पुष्कळांनीं ऐकली असेल. तेथें रग्बीचा हिरवा-सोनेरी सदरा हा गोऱ्यांच्या राज्याचा सदरा होता. काळे लोक मैदानाच्या एका कुंपणांत उभे राहून परक्या संघाचा जयजयकार करीत. वर्णभेदाचें राज्य गेल्यावर तो सदरा व त्यावरचें हरणाचें चिन्ह रद्द करावें असें नेल्सन मंडेलाच्या स्वतःच्या पक्षांत पुष्कळांचें म्हणणें होतें. मंडेलानें तें ठेवविलें, आणि २४ जून १९९५ रोजीं जगज्जेतेपदाच्या सामन्याला तोच सदरा अंगांत घालून तो मैदानांत उतरला. सत्तावीस वर्षें तुरुंगांत काढलेल्या माणसानें तुरुंगवाल्यांचा सदरा घातला, ही गोष्ट मोठी आहे, तिला आम्ही कमी लेखीत नाहीं. पण त्या दिवशीं मैदानांत उतरलेल्या पंधरा खेळाडूंत चेस्टर विल्यम्स हा एकटाच बिगरगोरा होता, आणि त्या संघाला सिया कोलिसी हा पहिला काळा कप्तान २०१८ सालीं मिळाला. सदरा एका दुपारींत सर्वांचा झाला असें वर्तमानपत्रांनीं लिहिलें. संघाला तेवीस वर्षें लागलीं. ह्या तेवीस वर्षांचीं छायाचित्रें फारशीं कोणी छापीत नाहीं.

बेलफास्टच्या विंडसर पार्कवर आणखी एक घडलें, तें सांगून हा लेख पुरा करतों. २००२ सालीं उत्तर आयर्लंडाच्या संघाचें कप्तानपद नील लेनन ह्या कॅथलिक खेळाडूकडे येणार होतें. तो ग्लासगोच्या सेल्टिकचा खेळाडू. आदल्या वर्षीं त्याच मैदानावर त्याच्याच देशाच्या प्रेक्षकांनीं त्याची हुर्यो केली होती. सामन्याच्या दिवशीं त्याला ठार मारण्याची धमकी आली, आणि तो राष्ट्रीय संघ सोडून गेला. तेव्हां त्या प्रेक्षकांतल्याच साध्या माणसांस, दर सामन्याला गांठचा पैसा मोडून येणाऱ्यांस, लाज वाटली. फुटबॉल संस्थेनें त्यांस साथ दिली. त्यांनीं नवीं गाणीं रचलीं, ज्यांत ना पोप ना विल्यम राजा, आणि कोपऱ्यांतून जुनें गाणें उठूं लागलें कीं हे दुप्पट आवाजानें नवें म्हणत. हिरवे सदरे घाला असें एकमेकांस सांगितलें, म्हणजे दुसरे रंग व दुसरीं निशाणें आपोआप कमी होतील. कांहीं वर्षांत तें जुनें गाणें तेथें ऐकूं येईनासें झालें, आणि २००६ सालीं ह्या प्रेक्षकांस युरोपांतलें पारितोषिक मिळालें. जिमी जोन्सचा पाय मोडला तें मैदान हेंच.